माहेर राखणारी चांद सुलताना

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात नगरच्या निजामशाहीतले एक फारसी हस्तलिखित जपून ठेवलेले आहे. 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे त्याचे नाव. आफताबी नावाच्या शायराने त्यात हुसेन निजामशहा आणि त्याची बेगम खुंजा हुमायून या दोघांची थोरवी गायिली आहे. सोबत चित्रे आहेत. राजा बसलेला आहे आणि त्याच्यालगत राणी बसलेली आहे. खरे तर बसलेली होती. पुढे कोणीतरी बहुतेक चित्रांतल्या राणीवर रंग फासला आणि ती पुसून टाकली. जवळून पाहिले की रंगाखाली तिची आकृती अजून जाणवते.

ही खुंजा हुमायून चांदबीबीची आई. १५६५ साली हुसेन निजामशहा वारला तेव्हा गादीवर आलेला मुर्तजा लहान होता. खुंजा हुमायूनने कारभार हाती घेतला. ती पडद्याआड बसून दरबार चालवी आणि मोहिमांवर सैन्याबरोबर जाई. काही वर्षांनी मुलगा मोठा झाला, सरदारांनी त्याचे कान भरले आणि त्याने आईला कैदेत टाकले. चित्रांवर रंग त्यानंतरच फासला गेला असावा.

मुलगी तोवर सासरी होती. चांदचा जन्म साधारण १५५० चा. नगर आणि विजापूर ही एकमेकांशी सतत लढणारी राज्ये. विजयनगरविरुद्ध त्यांना एकत्र यायचे होते, आणि अशा वेळी राजघराण्यातली मुलगीच तहाचे कलम होते. चांदचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले आणि दोन्ही राज्यांच्या जुन्या भांडणाचे मूळ असलेला सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून गेला. तिकडून अलीची बहीण मुर्तजाची बेगम म्हणून नगरला आली. पुढे जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. आंदणात किल्ला घेऊन सासरी गेलेल्या या मुलीला तिचे मत कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.

पण सासर बरे निघाले. अली आदिलशहाला पुस्तकांचा नाद होता आणि बायकोला कोंडून ठेवण्याची हौस नव्हती. चांदबीबी घोड्यावरून त्याच्याबरोबर शिकारीला आणि छावणीत जाई. तिला फारसी आणि अरबीखेरीज तुर्की, कन्नड आणि मराठी येत असे, ती सतार वाजवी आणि फुलांची चित्रे काढी, असे परंपरा सांगते. विजापुरात १५७९ च्या सुमारास बांधलेली मोठी पायऱ्यांची विहीर आजही चांद बावडी म्हणून तिच्याच नावाने ओळखली जाते.

पुढच्याच वर्षी, १५८० मध्ये, अली आदिलशहाचा खून झाला. मूलबाळ नव्हते. गादीवर आला तो पुतण्या इब्राहिम, वय अवघे नऊ. तिशीतली विधवा, परक्या गावात, पदरी दुसऱ्याचे मूल, भोवती एकमेकांचे गळे धरणारे दख्खनी, हबशी आणि परदेशी सरदार. चांदबीबीने इब्राहिमच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली आणि राज्याचीही. कारभारी नेमलेला कामिलखान डोक्यावर बसू लागला, तेव्हा तिने त्याला दूर केले. त्याच्या जागी आलेला किशवरखान आणखी पुढचा निघाला. चांदबीबी नगरच्या भावाला विजापुरावर चालून येण्यासाठी पत्रे लिहिते, असा आळ त्याने घेतला आणि तिला महालातून जबरदस्तीने बाहेर काढून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत पाठवले.

बाई पुढे सरसावली की तिच्या कामावर बोट ठेवता येत नाही, म्हणून मग तिच्या निष्ठेवर ठेवायचे. माहेरची ओढ आहे, मनाने ती आपली नाहीच. हा आळ नोकरी करणाऱ्या आजच्या मुलींनाही ओळखीचा वाटेल, फक्त कलम बदलले आहे. लग्न झाले की हिचे लक्ष घरात, मूल झाले की मुलात.

विजापूरच्या सामान्य बायकांनी मात्र तो आळ मानला नाही. किशवरखान शहरातून घोड्यावरून निघाला की त्या त्याच्यावर धूळ आणि राख फेकत आणि चांदबीबीला कैद केल्याबद्दल त्याला शिव्या घालत, असे फरिश्त्याने नोंदवले आहे. फरिश्ता नगरच्या दरबारात वाढला आणि पुढे विजापूरला गेला, त्यामुळे दोन्ही गावची हवा त्याला ठाऊक होती. अखेर किशवरखान पळाला आणि हबशी सरदार इखलासखानाच्या काळात चांदबीबी सुटून आली. लगेचच निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी विजापूरला वेढा घातला. भावाचेच सैन्य वेशीबाहेर आणि ही आत. ती सासरच्या बाजूने उभी राहिली. कलहात गुंतलेल्या सरदारांना एकत्र आणल्याखेरीज शहर टिकणार नव्हते. ते एकत्र आले आणि शहर टिकले. माहेरशी संगनमताचा आळ त्यानंतर कोणी काढल्याचे दिसत नाही.

१५८४ मध्ये इब्राहिमची बहीण खदिजा हिचे लग्न निजामशाहीतल्या मिरान हुसेनशी ठरले. तिची पाठराखण करत चांदबीबी नगरला आली. मोठ्या सन्मानाने आली, पण विजापुरात सगळी सत्ता आता दिलावरखानाच्या हाती होती आणि तिला परत बोलावण्याची घाई तिथे कोणालाच नव्हती.

माहेर तिने सोडले तसे राहिले नव्हते. मुर्तजाला लोक दिवाणा म्हणत. १५८८ मध्ये त्याच्या मुलानेच त्याला मारले, आणि वर्षभरात त्या मुलालाही मारण्यात आले. गादीवर माणसे येत होती आणि जात होती. १५९५ मध्ये इब्राहिम निजामशहा लढाईत पडला तेव्हा नगरमध्ये एकाच वेळी चार गट चार वारस पुढे करत होते. चांदबीबीने बाजू घेतली ती इब्राहिमच्या अजाण मुलाची, बहादूरची. मियाँ मंजू या वजिराने दुसऱ्याच एका मुलाला गादीवर बसवले होते, आणि ते टिकत नाही असे दिसताच त्याने गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र मुरादला मदतीला बोलावले.

मुरादला बोलावणे हवेच होते. १५९५ च्या डिसेंबरात मुघल फौज नगरला पोहोचली. बरोबर अब्दुर्रहीम खानखानान होता, म्हणजे ज्याचे दोहे शाळेत शिकवले जातात तो रहीम. तोवर मियाँ मंजूला पश्चात्ताप झाला होता, पण पश्चात्ताप करून तो मदत आणण्याच्या निमित्ताने शहराबाहेर पडला. किल्ला मागे राहिला आणि किल्ल्यात चांदबीबी.

कर्तबगार पुरुष आपापल्या गटात रमले होते तोवर तिला कोणी विचारले नाही. सगळे हाताबाहेर गेल्यावर जागा रिकामी झाली. ती जागा मिळाली म्हणून तिने आभार मानत बसावे असे नव्हते; पण ती नाकारलीही नाही. पंचेचाळिशीच्या या बाईने बहादूरला निजामशहा म्हणून जाहीर केले, बुरुजांवर माणसे नेमली, विजापूरला आणि गोवळकोंड्याला पत्रे धाडली. ज्याला तिने अक्षरओळख करून दिली होती तो इब्राहिम आता विशीच्या पुढचा विजापूरचा सुलतान होता. त्याने आपला सेनापती सुहैलखान याला मोठी फौज देऊन पाठवले. गोवळकोंड्याचीही कुमक निघाली.

नगरचा भुईकोट नावाप्रमाणे सपाट जमिनीवर आहे. डोंगराचा आधार नाही. आधार काय तो रुंद खंदकाचा आणि चांदबीबीच्या वडिलांनी बांधून घेतलेल्या दगडी तटाचा. मुघलांनी तटाखालून सुरुंग खणायला घेतले. पाच सुरुंग तयार झाले. आणि इथे या कथेतला सगळ्यात विलक्षण माणूस येतो. ख्वाजा मुहम्मदखान शिराझी हा मुघलांच्या छावणीतला सरदार. आत चाललेली झुंज पाहून त्याचे मन द्रवले. रात्री तो तटाजवळ गेला आणि सुरुंग कुठे आहेत ते त्याने आतल्या लोकांना सांगून टाकले. त्याला या बाईकडून काही मिळणार नव्हते.

हिजरी सन १००४, महिना रजबचा. म्हणजे रमजान दोन चंद्रांवर आलेला. किल्ल्यातले लोक रात्रभर खणत राहिले. दोन सुरुंग सापडले, ते निकामी केले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच बाहेरच्यांनी बत्ती दिली. तटाचा मोठा भाग कोसळला, खणणारे जागीच गाडले गेले, आणि खिंडार पाहून आतले कित्येक जण पळत सुटले.

चांदबीबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा ओढून, हातात नंगी तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. पळणारे थबकले आणि लाजून मागे फिरले. बाहेर मुराद उरलेले सुरुंग उडण्याची वाट पाहत थांबला होता, ते रिकामे झालेत हे त्याला माहीत नव्हते. तेवढा वेळ आतल्यांना पुरला. मग हल्ल्यामागून हल्ले झाले. संध्याकाळपर्यंत खंदक प्रेतांनी भरत गेला, पण खिंडार काही मुघलांच्या हाती आले नाही. अंधार पडला तशी मुराद तंबूत परतला. ती परतली नाही. मिळेल त्या दगडमातीने आणि लाकडाने तिने रातोरात भिंत पुन्हा पुरुषभर उंचीला आणली. सकाळी पुन्हा चढाई करायची तर समोर भिंत उभी.

तोफेचे गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी अंगावरचे दागिने तोफेत भरले, ही गोष्ट नगरमध्ये घराघरात सांगतात. नंतरच्या बखरकारांनी ती लिहून ठेवली आहे. खरी असो नसो, रातोरात बांधलेल्या भिंतीची गोष्ट तिच्यापेक्षा मोठी आहे आणि ती सांगितली जात नाही. दागिने उधळणारी राणी लोकांच्या लक्षात राहते, गवंड्यांमध्ये जागणारी राहत नाही.

सुहैलखान जवळ येत होता, मुघल छावणीत दाणागोटा संपत आला होता आणि मुराद व खानखानान यांचे पटत नव्हते. तहाची बोलणी सुरू झाली. मुघलांनी वऱ्हाड मागितला. चांदबीबीने वऱ्हाड दिला आणि नगर राखले.

सध्या तरावीहमध्ये एकोणिसावा पारा आला की सूरह नम्लमधली सबाच्या राणीची हकीकत कानी पडते. परंपरेने तिला बिल्कीस म्हणतात. हजरत सुलेमानचे पत्र आल्यावर ती आपल्या सरदारांचा सल्ला घेते. सरदार लढायला तयार असतात आणि निर्णय तिच्यावर सोपवतात. राजे शहरात शिरले की शहराची काय गत होते हे तिला ठाऊक असते, म्हणून ती आधी नजराणा पाठवून अंदाज घेते. कुरआनमध्ये तिच्या या सावधपणाला कोठेही भ्याडपणा म्हटलेले नाही. चांदबीबीला तेवढे भाग्य लाभले नाही.

तहानंतर चावंडच्या किल्ल्यातून बहादूरला आणून गादीवर बसवण्यात आले. मुहम्मदखान पेशवा झाला आणि त्याने लवकरच सगळे आपल्याकडे ओढून घेतले. त्याला दूर करायला पुन्हा विजापूरची मदत मागावी लागली. मग अहंगखान आला. त्याला तर चांदबीबी आणि बालराजा दोघेही मुठीत हवे होते. तिने किल्ल्याचे दरवाजे त्याला बंद केले. १५९७ च्या सुरुवातीला गोदावरीकाठी सुहैलखानाचा पराभव झाला आणि बाहेरून कुमक येण्याची आशा मावळली.

१६०० साली अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला आला. शहजादा दानियाल आणि खानखानान नगरवर चालून आले. अहंगखान जुन्नरकडे निघून गेला. पुन्हा तोच किल्ला, पुन्हा तेच सुरुंग, आणि या वेळी येणारे कोणीच नव्हते. चांदबीबीने हिशेब मांडला. किल्ला द्यावा, आतल्या लोकांच्या जिवाची हमी घ्यावी आणि बहादूरला घेऊन जुन्नरला जावे. हा विचार तिने हमीदखान या आपल्या विश्वासातल्या माणसाला सांगितला. तो रस्त्यावर धावत सुटला आणि चांदबीबी मुघलांना फितूर झाली म्हणून ओरडू लागला. जमाव उसळला. खरे काय, हे तिला विचारायला कोणी थांबले नाही. लोक तिच्या महालात शिरले आणि त्यांनी तिला मारले.

साताऱ्याच्या कैदेत पाठवताना जो आळ होता, तोच वीस वर्षांनी तिच्या जिवावर उठला.

काही आठवड्यांत सुरुंग उडाले, तट पडला, मुघल आत शिरले. ज्या हमीसाठी ती बोलणी करू पाहत होती ती आता कोणी मागू शकत नव्हते. आतल्या पुष्कळांची कत्तल झाली. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवण्यात आले. निजामशाही मात्र संपली नाही. मलिक अंबरने नवा निजामशहा उभा केला आणि मुघलांना पुढची पाव शतकभर दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही.

जिल्ह्याला आता चौंडीच्या अहिल्याबाईंचे नाव आहे. त्यांनाही १७६७ मध्ये पती, सासरे आणि मुलगा गेल्यावर कारभार हाती घेताना घरच्याच कारभाऱ्यांचा विरोध सोसावा लागला होता. त्यांना राज्य करायला अठ्ठावीस वर्षे मिळाली, चांदबीबीला नगरमध्ये जेमतेम पाच. एकाच जिल्ह्याच्या मातीतल्या या दोन लेकी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकीचा वेश घेतलेली मुलगी आणि दुसरीचा वेश घेतलेली मुलगी शेजारी उभ्या असतात तेव्हा त्यांतली कोण कुठल्या घरातली, हे पालकांखेरीज कोणी पाहत नाही.

पाथर्डी रस्त्याला शहा डोंगरावर एक अष्टकोनी तीनमजली इमारत दिसते. पावसाळ्यात तिथे सहलींची गर्दी असते. ती कबर आहे मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची. चांदबीबी विजापूरहून खदिजाला घेऊन आली तेव्हा नगरचा कारभार पाहणारा हाच. त्याने शहरासाठी पुष्कळ केले, स्वतःसाठी एवढी कबर केली. चार शतके तो तिथे निजला आहे. पण खाली रस्त्यावर कोणालाही सलाबतखानाची कबर विचारली तर उत्तर मिळत नाही. चांदबीबीचा महाल म्हणावे, मग लोक डोंगराकडे हात करतात.