साडेतीन तासांची तयारी

जुनी पुस्तकं जमवणारे मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. कुणी जुने दिवाळी अंक शोधत हिंडतो, कुणी पहिल्या आवृत्त्या. तुम्हाला एक वेगळा नाद सुचवू का? बुडत्या जहाजावरची माणसं ज्यांनी वाचवली, त्या कप्तानांच्या आठवणींची पुस्तकं जमवायची. रत्नागिरीत राहायचं, रोज भाट्याच्या वाळूत बसायचं आणि कपाटात समुद्राचं एकही पुस्तक नाही, हे काही बरं नाही!

सुरुवात सर आर्थर रोस्ट्रन यांच्यापासून करा. त्यांचं ‘होम फ्रॉम द सी’ १९३१ साली आलं. नाव ओळखीचं वाटत नसेल, पण तो सिनेमा तुम्ही पाहिलाच आहे. टायटॅनिक बुडाल्यावर होड्यांतल्या लोकांना उचलून घेणारी ‘कार्पेथिया’ या रोस्ट्रनची बोट.

त्यांचा जन्म १८६९ चा, इंग्लंडमधल्या बोल्टनजवळचा. मुलूख सूतगिरण्यांचा, पण पोराला ओढ समुद्राची. ते ‘कॉनवे’ या शिक्षणाच्या जहाजावर दाखल झाले. पुढे मुंबईत ‘डफरिन’ होती ना, त्याच जातीचं हे जहाज. मग शिडाच्या जहाजांवर उमेदवारी, केप हॉर्नच्या वादळी फेऱ्या आणि १८९५ साली क्युनार्ड कंपनीत नोकरी. दारू नाही, सिगारेट नाही, तोंडात शिवी नाही. अंगात मात्र एवढी चपळाई की सहकाऱ्यांनी नाव ठेवलं ‘विजेची ठिणगी’. जानेवारी १९१२ मध्ये कार्पेथिया त्यांच्या ताब्यात आली, तेव्हा वय ४२.

तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर, त्यांचा तरुण वायरलेस ऑपरेटर हॅरॉल्ड कॉटम दार न ठोठावता त्यांच्या केबिनमध्ये घुसला. तो झोपायच्या तयारीत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर कानावरचा हेडफोन निघाला असता आणि टायटॅनिकची हाक कुणाच्या कानी पडली असती, देव जाणे. रोस्ट्रननी आधी बोट वळवायचा हुकूम सोडला आणि मग कॉटमला विचारलं, की तुझी खात्री आहे ना? हा क्रम लक्षात ठेवा.

अंतर ५८ सागरी मैल. बोट साधी, जेमतेम १४ नॉटची. प्रवाशांच्या खोल्यांची ऊब आणि गरम पाणी बंद करून सगळी वाफ इंजिनाकडे वळवली. झोपलेल्या आगवाल्यांनाही उठवून भट्ट्यांवर जुंपलं. खरी गंमत पुढे आहे. पोचेपर्यंतच्या साडेतीन तासांत रोस्ट्रननी काय काय करून ठेवलं ते वाचताना आपण थक्क होतो. तीन जेवणघरांत तीन डॉक्टर बसवले. सूप, कॉफी, घोंगड्या तयार. बाजूचे दरवाजे उघडे, दोरीच्या शिड्या सोडलेल्या, जखमींसाठी दोराला बांधलेल्या खुर्च्या. लहान मुलांना वर ओढायला राख उपसण्याच्या कॅनव्हासच्या पिशव्या! लाटा शांत करायला ओतायचं तेलसुद्धा काढून ठेवलं होतं.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही पिशव्यांची गोष्ट लगेच कळेल. मुंबईची आगबोट भगवती बंदरात यायची तेव्हा बोटीतून पडावात उतरणं म्हणजे काय दिव्य असायचं, हे घरी आजी-आजोबांना विचारून बघा. इथे तर लोकांना अंधारात, थंडीने आखडलेल्या हातांनी उलट दिशेने, पडावातून बोटीत चढायचं होतं.

आणि धोका? कार्पेथियावर स्वतःचे सातशेच्या वर प्रवासी होते. बर्फाच्या डोंगरांतून, रडार नसताना, पुऱ्या वेगात जाणं म्हणजे त्यांचे जीव पणाला लावणं. एखादा हिमनग लागला असता तर आज रोस्ट्रनना आपण बेजबाबदार म्हटलं असतं. त्यांनी जादा टेहळे उभे केले. दुसरा अधिकारी जेम्स बिसेट याला एका हिमनगाचा पत्ता लागला तो त्यावर चमकलेल्या ताऱ्याच्या प्रतिबिंबावरून. उजाडल्यावर एका कनिष्ठ अधिकाऱ्याला मोठे हिमनग मोजायला लावले, तर दीड-दोनशे फूट उंचीचेच २५ भरले.

पहाटे चारला ते पोचले. टायटॅनिक कधीच गेली होती. साडेआठपर्यंत होड्यांमधली सातशेच्या वर माणसं वर आली. ज्या दीड हजारांसाठी ही धावपळ होती, त्यांच्यासाठी मात्र उशीर झाला होता.

आता संग्रह का करायचा, एकच पुस्तक का नको, ते सांगतो. रोस्ट्रन म्हणतात बोट १७ नॉटने धावली. पण १९८५ मध्ये टायटॅनिकचे अवशेष सापडले ते कळवलेल्या जागेपासून सुमारे १३ मैलांवर, म्हणजे कार्पेथियाला अंतरच कमी पडलं होतं. खोटं कुणी बोललं नाही, आठवण अशीच असते. म्हणून शेजारी बिसेटचं ‘ट्रॅम्प्स अँड लेडीज’ ठेवा आणि टायटॅनिकवरून वाचलेल्या लाइटोलर या अधिकाऱ्याचं पुस्तकही. एकच रात्र, तीन डोळे.

रोस्ट्रनना पुढे पदकं मिळाली, ‘सर’ झाले, ‘मॉरिटानिया’सारखी नामांकित बोट चालवली आणि १९४० मध्ये गेले. कार्पेथिया त्याआधीच, १७ जुलै १९१८ ला, जर्मन पाणबुडीने बुडवली.

तारीख ओळखीची वाटली का? १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे कुणा कॉटमला ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. वाचले त्यांतल्या कितीतरी जणांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. त्यांच्यापैकी कुणाचं आत्मचरित्र तुमच्या संग्रहासाठी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

जुलैत मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याला होड्या वर काढलेल्या असतात, तांडेल जाळी विणत निवांत बसलेले असतात. फोनमध्ये रेकॉर्डर आहेच. कुणाकुणाला पाण्यातून काढलंत, एवढंच विचारा आणि मग गप्प बसून ऐका.