पोप पायस बारावे आणि डॉक्टरांचे प्रश्न



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. कबरीवर मेणबत्ती लावताना अनेक घरांत एक जुनी बोच पुन्हा डोके वर काढते. आईला व्हेंटिलेटर लावायला हवा होता का? बाबांचा काढला ते पाप झाले का? हे प्रश्न तुम्ही धर्मगुरूंना विचारता. १९५७ साली डॉक्टरांनी ते थेट पोपमहाशयांनाच विचारले होते. त्या पोपमहाशयांची ही ओळख.

युजेनिओ पाचेल्ली यांचा जन्म २ मार्च १८७६ रोजी रोममध्ये झाला. वडील आणि भाऊ दोघेही वकील. मुलगा मात्र प्रकृतीने अशक्त. सेमिनरीतले जेवण पचेना म्हणून त्याला घरी राहून शिकण्याची परवानगी मिळाली. (आमच्या वेळी अशी सवलत मागण्याची कोणाची छाती नव्हती!) १८९९ साली गुरुदीक्षा झाली. १९१७ साली ते बिशप झाले आणि पोपचे राजदूत म्हणून जर्मनीला गेले. २ मार्च १९३९ रोजी, आपल्या ६३ व्या वाढदिवशी, ते पोप म्हणून निवडले गेले आणि सहा महिन्यांत महायुद्ध पेटले. ज्यूंच्या हत्याकांडाविषयी त्यांनी उघडपणे पुरेसा आवाज उठवला का, हा वाद अजून मिटलेला नाही. त्यांच्या कारकिर्दीची कागदपत्रे २०२० साली अभ्यासकांना खुली झाली आहेत. निवाडा इतिहासकारांनी करावा. १९५० साली पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत त्यांनीच घोषित केला.

या पोपमहाशयांना वैद्यकशास्त्राची फार ओढ होती. सुइणींपासून सर्जनपर्यंत नाना मंडळींपुढे त्यांनी अभ्यासपूर्ण भाषणे केली. तो काळही तसाच होता. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास थांबत चाललेल्या रुग्णांच्या घशात नळी घालून शेकडो वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने रबरी पिशवी दाबत बसले आणि माणसे वाचली. हाताचे काम पुढे यंत्राने घेतले. पण त्याबरोबर एक नवी अडचण उभी राहिली. मेंदू पार निकामी झालेल्या माणसाचाही श्वास आता चालू ठेवता येत होता. तो कधी थांबवायचा? थांबवायचा तर कोणाच्या शब्दावर?

फेब्रुवारी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांनी आधी वेदनेविषयी विचारले. मरणासन्न माणसाला वेदनाशामक औषध दिले आणि त्याने आयुष्य थोडे कमी झाले, तर ते चालेल का? पोपमहाशयांनी होय म्हटले. दुसरा उपाय नसावा, रुग्णाची धार्मिक व नैतिक कर्तव्ये राहून जाऊ नयेत आणि हेतू वेदना शमवण्याचा असावा, जीव घेण्याचा नव्हे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा भेद आम्ही कोरडेपणाने पाठ करीत असू. कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाच्या खाटेजवळ त्याचा अर्थ कळतो. ख्रिस्ती माणसाने दुःख सोसलेच पाहिजे, म्हणून मॉर्फिन नको, असे काही घरांत अजून म्हटले जाते. तशी सक्ती ख्रिस्तसभेने केलेली नाही.

मग इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ डॉ. ब्रुनो हाइड यांनी श्वसनयंत्राविषयी प्रश्न पाठवले. त्यांची उत्तरे २४ नोव्हेंबर १९५७ रोजी मिळाली. जीव राखणे हे कर्तव्य खरे, पण त्यासाठी साधारण उपाय योजणे एवढेच बंधन आहे. साधारण म्हणजे व्यक्ती, स्थळ आणि काळ पाहता स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जड ओझे न टाकणारे. हा विचार काही नवा नव्हता. सोळाव्या शतकात स्पेनचे डोमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी लिहून ठेवले होते, की वैद्याने सांगितले तरी कोंबडीसारखे उंची अन्न खाऊन आयुष्य वाढवण्याचे बंधन कोणावर नाही. पायस बारावे यांनी तोच धागा व्हेंटिलेटरपर्यंत आणला. आशाच उरली नसेल आणि कुटुंबावर असह्य भार पडत असेल, तर यंत्र थांबवण्याची विनंती कुटुंब करू शकते व डॉक्टर ती मानू शकतो. मात्र कुटुंबाने स्वतःच्या मनाचे न सांगता रुग्णाची इच्छा काय असती हे पाहायचे. डॉक्टरलाही रुग्णाच्या संमतीबाहेर त्याच्यावर हक्क नाही. अभ्यंग राहिला असेल तर तो होईपर्यंत श्वास चालू ठेवावा. आणि मृत्यूचा नेमका क्षण कोणता, हे ठरवणे ख्रिस्तसभेचे नव्हे, डॉक्टरांचे काम आहे. आपल्या अधिकाराची सीमा एका पोपने इतकी स्पष्ट आखावी, हे मला फार मोठे वाटते.

यंत्र थांबले म्हणून सेवा थांबत नाही, हेही ध्यानात असू द्या. नळीने अन्नपाणी देणे हे तत्त्वतः साधारण उपायांत मोडते, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली स्पष्ट केले. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी उपचार थांबवण्याबाबत आधीच लेखी इच्छा नोंदवण्याला मान्यता दिली आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी केली. बरी प्रकृती असतानाच घरच्यांशी हे बोलून ठेवा. आयसीयूच्या दारात उभे राहून रुग्णाची इच्छा आठवत बसणे फार कठीण जाते.

पोपमहाशयांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र डॉक्टर कसा आला पाहा. रिकार्दो गालेआत्सी-लिसी हे मूळचे नेत्रतज्ज्ञ, पण अनेक वर्षे पोपचे वैद्य होते. ऑक्टोबर १९५८ मध्ये कास्तेल गांदोल्फो येथे पोपमहाशयांना पक्षाघाताचे झटके आले. काही वृत्तपत्रांनी तर ८ तारखेलाच त्यांच्या निधनाची बातमी छापून टाकली. ते गेले ९ ऑक्टोबरच्या पहाटे. या वैद्याने मरणासन्न पोपची छायाचित्रे आणि आजाराच्या नोंदी वृत्तपत्रांना विकल्या. मृतदेह टिकवण्याची स्वतःची म्हणून जी पद्धत त्याने वापरली ती फसली आणि देह लवकर खराब होऊ लागला. कार्डिनलांनी त्याला पदावरून दूर केले आणि व्हॅटिकनची दारे त्याला बंद झाली. ज्यांनी डॉक्टरांना रुग्णाचा हक्क समजावून सांगितला, त्यांचेच मरण असे बाजारात गेले.

१३ ऑक्टोबर १९५८ रोजी सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या तळघरात त्यांना पुरण्यात आले. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना पूजनीय म्हणून घोषित केले.