आयझॅक वॉल्टन : ली नदीकाठचे कापडव्यापारी

लंडनच्या उत्तरेकडून येऊन थेम्सला मिळणारी ली ही काही मोठी नदी नव्हे. गळ टाकणाऱ्यांच्या जगात तिचे नाव झाले, ते आयझॅक वॉल्टन यांच्यामुळे.

वॉल्टन १५९३ साली स्टॅफर्ड येथे जन्मले. बालपणीच पितृछत्र हरपले. पुढे लंडनला येऊन त्यांनी उमेदवारी केली आणि फ्लीट स्ट्रीट परिसरात कापडाचा धंदा थाटला. तेथील चर्चचे धर्मोपदेशक, कवी जॉन डन, यांच्याशी स्नेह जडला. १६४० मध्ये वॉल्टन यांनी लिहिलेले डन यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पत्नी रेचेल निवर्तल्या. त्यांचे एकही अपत्य बालपण ओलांडू शकले नाही.

देशात यादवी पेटली होती. १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजनिष्ठ होते. १६५१ च्या वूस्टरच्या पराभवानंतर दुसरे चार्ल्स यांचे एक रत्नजडित मानचिन्ह त्यांनी लपवून लंडनला पोहोचवले. पकडले गेले असते, तर प्राणाशीच गाठ होती.

आणि १६५३ साली साठीच्या उंबरठ्यावरील या गृहस्थांनी ‘द कम्प्लीट अँग्लर’ प्रसिद्ध केले. मे महिन्यातील सकाळी टॉटनहॅमहून वेअरकडे निघालेले वाटसरू, लीचा काठ आणि मासे. युद्धाची कथा त्यात नाही. जे हरवले होते, तेच जणू शब्दाशब्दांतून जपलेले.

ट्राउट आणि सॅमन तेवढे मानाचे, बाकी सारे हलके, ही प्रतवारी इंग्रजांत पुढे रूढ झाली. वॉल्टन यांची माया मात्र या हलक्यांवरही होती. चब हा रोहू-कटल्याच्या गणातला मासा. काटेरी, पाणचट म्हणून लोक त्याला नाक मुरडत. वॉल्टन यांनी त्याची कड घेतली : त्याच दिवशी शिजवा, घशातील शेवाळ नीट धुऊन काढा, पोटात सुगंधी पाला भरा, सळईवर भाजताना लोणी आणि आंबट रस सोडत राहा. गळाला जिवंत बेडूक अडकवण्याची रीतही ते अशाच ममतेने सांगतात; तेथे मात्र आजचा वाचक बिचकतो.

पिसांच्या कृत्रिम माशीने ट्राउट धरण्यात त्यांचे तरुण मित्र चार्ल्स कॉटन अधिक वाकबगार. १६७६ च्या आवृत्तीत तो भाग कॉटन यांनीच लिहिला. १५ डिसेंबर १६८३ रोजी, नव्वदीत, वॉल्टन विंचेस्टर येथे वारले; तेथील कॅथीड्रलमध्ये त्यांचे दफन झाले. डव्ह नदीकाठी कॉटन यांनी १६७४ साली बांधलेले छोटे मत्स्यगृह अद्याप उभे आहे. त्याच्या दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत.