गेट सगळ्यांनी पाहिलं, जेकिल कुणीच नाही!

सप्टेंबर २०२२ आठवतोय? इंग्लंडची राणी एलिझाबेथ गेली, तेव्हा बातम्यांमध्ये एका भल्यामोठ्या लोखंडी गेटसमोर फुलांचे ढीग दाखवत होते. नॉरफोकमधल्या राजघराण्याच्या सँड्रिंगहॅम इस्टेटचं ते नॉर्विच गेट. ते व्हिडिओ पुन्हा दिसले तर पॉज करा आणि फुलांच्या वर बघा. पानं, फुलं, वेली, सगळं लोखंडाचं!

हे डिझाइन टॉमस जेकिलचं. (कादंबरीतला डॉक्टर जेकिल वेगळा हं.) १८२७ मध्ये नॉरफोकमध्येच जन्मलेला, धर्मगुरूचा मुलगा. पेशानं आर्किटेक्ट. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा त्यानं स्वतःच बदलून घेतलं होतं, म्हणजे हौस बघा! नॉर्विचच्या ‘बार्नर्ड, बिशप अँड बार्नर्ड्स’ या कारखान्यासाठी तो लोखंडाच्या वस्तू डिझाइन करायचा. हे गेट १८६२ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात झळकलं. पुढच्याच वर्षी युवराज एडवर्डचं लग्न झालं आणि नॉरफोककरांनी वर्गणी काढून तेच गेट त्याला आहेर म्हणून दिलं.

तुम्हाला वाटेल, आता पठ्ठ्याची लाइफ सेट!

१८७६ मध्ये लेलँड नावाच्या श्रीमंत जहाजमालकानं लंडनच्या घरातली डायनिंग रूम जेकिलकडे सोपवली. चिनी मातीची निळी-पांढरी भांडी मांडायला त्यानं भिंतभर नाजूक लाकडी फडताळं केली, भिंतींना जुनं, किमती चामडं लावलं. काम संपत आलं आणि तो आजारी पडला. आजार मनाचा होता. उरलेलं काम चित्रकार व्हिसलरकडे गेलं. त्यानं ते चामडं निळ्या-हिरव्या रंगानं झाकून टाकलं, वर सोनेरी मोर काढले. पैशांवरून त्याचं आणि लेलँडचं वाजलं, खोलीचा गाजावाजा झाला. ‘पीकॉक रूम’ म्हटलं की आजही नाव निघतं व्हिसलरचंच. मला विचाराल तर हे साफ चुकीचं आहे.

जेकिल त्या आजारातून उठलाच नाही. १८८१ मध्ये नॉर्विचच्याच एका मनोरुग्णालयात तो गेला.

ती अख्खी खोली आता वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे. कधी गेलात तर मोरांवरून नजर काढून खाली शेकोटीकडे बघा. तिथं लाकडं टेकवायला लोखंडाची दोन सूर्यफुलं आहेत. ती जेकिलची.