इरावती कर्वे : नात्यांची नोंद ठेवणाऱ्या विदुषी

‘युगान्त’कार म्हणून परिचित असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. बर्लिनमध्ये कवट्यांची मोजमापे घेऊन त्यांनी मार्गदर्शकांचा वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त नाकारला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना, १९५३ साली त्यांचा भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील मामेबहिणीशी विवाहाची प्रथा त्यांनी अभ्यासली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

वालूर असो वा पुणे, थॅलेसेमियाच्या तपासणीपूर्वी समुपदेशक आज हीच नाती विचारतात. कारण रक्ताच्या नात्यात दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. तसे असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे समजून घेऊन निर्णय मात्र कुटुंबानेच घ्यायचा असतो.