पेरियार आणि दुखावलेल्या श्रद्धा



ज्या गृहस्थाच्या पुतळ्यांखाली देव नाही अशा अर्थाचा मजकूर कोरलेला असतो, त्याचे चरित्र या पृष्ठांवर पाहून आपल्या कपाळाला आठी पडेल. पडू द्यावी. ई. व्ही. रामस्वामी, ज्यांना तामिळनाडू पेरियार म्हणजे थोर पुरुष या नावाने ओळखतो, त्यांनी हिंदूंच्या श्रद्धेइतकाच आपल्याही श्रद्धेचा उपहास केला. देवाधर्माची थट्टा करण्याचा अधिकार माणसाला आहे काय, आणि थट्टेने घायाळ झालेल्या भाविकाने दाद मागावी ती कोठे, हे प्रश्न त्यांच्या चरित्राइतके उघडेपणाने भारतात क्वचितच पुढे आले असतील.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८७९ रोजी इरोड येथे एका सधन, कन्नडभाषक व्यापारी कुटुंबात झाला. घर वैष्णव होते आणि साधुसंतांची तेथे सदैव ऊठबस असे. शाळा लवकर सुटली व मुलगा दुकानात बसू लागला. १९०४ च्या सुमारास घरातून रुसून तो काशीस गेला. तेथे ब्राह्मणेतर म्हणून अन्नछत्राच्या दारातून हाकलला गेल्यावर, भुकेपोटी उष्ट्या पत्रावळींवरचे अन्न त्याने खाल्ले, असे सांगतात. ते अन्नछत्र बांधणारा दाता ब्राह्मणेतरच होता, हे भिंतीवर वाचून त्याचे मन कायमचे उलटले. तरीही पुढे इरोडला परतल्यावर हाच मनुष्य देवस्थान समितीचा अध्यक्ष झाला आणि तो कारभार त्याने चोख ठेवला, ही गंमत ध्यानात घ्यावी.

इरोडच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद सोडून ते काँग्रेसमध्ये आले. दारूबंदीसाठी त्यांनी आपल्या बागेतील शेकडो माड तोडून टाकले. १९२४ मध्ये त्रावणकोरातील वैकम येथे देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालू द्यावे म्हणून सत्याग्रह झाला. त्याच्या नेत्यांत जॉर्ज जोसेफ हे ख्रिस्ती बॅरिस्टर होते; परंतु हा हिंदूंच्या घरातला प्रश्न आहे, ख्रिस्ती माणसाने दूर राहावे, असा सल्ला गांधीजींनी त्यांना दिला. स्थानिक पुढारी तुरुंगात गेल्यावर रामस्वामींना बोलावणे गेले. ते आले आणि दोनदा तुरुंगात गेले. अन्याय कोणाच्या घरातला आहे हे पाहून मग तोंड उघडावे काय, हा प्रश्न आपणा अल्पसंख्याकांना आजही नवा नाही.

१९२५ च्या अखेरीस कांचीपुरमच्या परिषदेनंतर त्यांनी काँग्रेस सोडली. त्याच वर्षी २ मे रोजी 'कुडि अरसु' हे साप्ताहिक त्यांनी सुरू केले होते. त्याचे उद्‌घाटन ज्ञानियार स्वामी या शैव मठाधिपतींच्या हस्ते झाले. स्वामींनी ज्याला आशीर्वाद दिला, त्या पत्राने पुढे पुराणांची एकेक पाने फाडायला सुरुवात केली. ख्रिस्ती धर्मही सुटला नाही. बर्ट्रांड रसेल यांचा, आपण ख्रिस्ती का नाही हे सांगणारा प्रसिद्ध निबंध या चळवळीने तामिळमध्ये आणला. मात्र आपल्याला अधिक झोंबले असेल ते दुसरेच. चर्चमध्ये दलित ख्रिस्ती बांधवांना वेगळे का बसवता, असे त्यांनी खडसावून विचारले. वडक्कनकुळम येथील चर्चमध्ये जातवार भाग पाडणारी भिंत होती, हे आपल्याच इतिहासात नमूद आहे. वाचकहो, ही निंदा आपण धर्मनिंदा म्हणून फेटाळणार, की पापकबुलीच्या वेळी आठवणार?

पेरियार ही पदवी त्यांना १९३८ साली मद्रासच्या महिला परिषदेत मिळाली. जानेवारी १९४० मध्ये ते मुंबईस येऊन डॉ. आंबेडकरांना भेटून गेले. १९४४ मध्ये सेलम येथे द्राविड कळघमची स्थापना झाली. १९४९ मध्ये अण्णादुराई फुटून निघाले आणि त्यांनी द्रमुक पक्ष काढला. ते राजकारण येथे बाजूला ठेवू.

मुख्य प्रसंग १९५३ चा. त्या वर्षी बुद्धजयंतीला, २७ मे रोजी, पेरियारांनी मातीच्या गणेशमूर्ती जाहीरपणे फोडण्याचा कार्यक्रम ठरवला आणि तिरुचिरापल्लीत स्वतः मूर्ती फोडली. वीरभद्रन चेट्टियार नावाच्या भाविकाने भारतीय दंडविधानाच्या २९५ व २९५अ या कलमांखाली फिर्याद गुदरली. पहिले कलम पवित्र वस्तूच्या विटंबनेचे. दुसरे १९२७ मध्ये, 'रंगीला रसूल' या पुस्तकाच्या वादळानंतर, द्वेषबुद्धीने केलेल्या धर्मनिंदेसाठी घातलेले. दंडाधिकाऱ्यांनी फिर्याद फेटाळली, सत्र न्यायालयाने व मद्रास उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. त्यांचा युक्तिवाद असा की, बाजारातून आणलेली वा स्वतः घडवलेली मातीची आकृती केवळ गणपतीसारखी दिसते म्हणून पवित्र होत नाही. तिची प्रतिष्ठापना झालेली नाही, तिला कोणी पूजलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाला १९५८ मध्ये हे पटले नाही. एखादी वस्तू कितीही क्षुल्लक असो, पूजेत असो वा नसो, लोकांचा एखादा वर्ग तिला पवित्र मानत असेल आणि त्या वर्गाचा अपमान करण्याच्या हेतूने ती फोडली असेल, तर कलम लागू होते, असा त्या न्यायालयाचा अभिप्राय पडला. खालच्या न्यायालयांनी जनतेच्या भावनांची कदर केली नाही, अशी कानउघाडणीही झाली. तरी प्रसंगाला पाच वर्षे लोटली होती. जुनी जखम पुन्हा उघडू नये म्हणून न्यायालयाने अपील फेटाळले. भाविकाला तत्त्व मिळाले आणि नास्तिकाला सुटका. जुना दंडविधान १ जुलै २०२४ पासून गेला, पण ही कलमे नव्या न्याय संहितेत २९८ व २९९ या क्रमांकांनी नांदत आहेत.

आपण कोणाच्या बाजूने उभे राहाल? घाई करू नका. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले, तेव्हा दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या धर्मातील वैगुण्ये लोकांपुढे मांडली होती. १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेल्या आपल्या 'ज्ञानोदया'ने मूर्तिपूजेवर काय कमी टीका केली? आजचे कलम तेव्हा असते, तर ते प्रथम कोणाला लागले असते हे सांगणे न लगे. शुभवर्तमानाचा प्रचारही कोणाला तरी खुपतोच. पेरियारांचे तोंड बांधायला वापरलेली दोरी आपल्या प्रचारकालाही पुरेल इतकी लांब आहे.

परंतु मला हेही म्हणावेसे वाटते की युक्तिवाद आणि मूर्ती फोडणे एकच नव्हे. जानेवारी १९७१ मध्ये सेलमच्या अंधश्रद्धा निर्मूलन परिषदेच्या मिरवणुकीत पौराणिक देवांचे उपहासात्मक देखावे होते. जनसंघाचे लोक काळे झेंडे घेऊन उभे राहिले, कोणीतरी चप्पल फेकली, आणि मग अनुयायांनी रामाच्या प्रतिमेला चपलांनी मारले. त्यातून कोणाचा विवेक जागा झाला असेल असे मला वाटत नाही. चो रामस्वामी यांच्या 'तुघलक' या उपरोधिक नियतकालिकाने तो प्रकार छापताच द्रमुक सरकारने त्या अंकाच्या प्रती जप्त केल्या. देवाच्या थट्टेला मोकळीक आणि थट्टेच्या वृत्तान्ताला बंदी, असा तो न्याय! मार्चमधील निवडणुकीत द्रमुकला १८४ जागा मिळाल्या, म्हणजे रामाच्या अपमानाचा प्रचार मतदारांनी फारसा मनावर घेतला नाही.

पुस्तकाची गोष्ट निराळी. रामायणावरील त्यांच्या टीकेचा 'सच्ची रामायण' हा हिंदी अनुवाद ललई सिंह यादव यांनी छापला आणि १९६९ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने तो जप्त केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला, कारण पुस्तकात नेमके काय आक्षेपार्ह आहे ते सरकारने आदेशात सांगितलेच नव्हते. बंदी घालणाऱ्याने कारण सांगावे, एवढी माफक अट.

ही अट आपल्यालाही एकदा भोवली. २००६ मध्ये ख्रिस्ती संघटनांच्या मागणीवरून तामिळनाडू सरकारने 'द दा विंची कोड' चित्रपटाचे प्रदर्शन थांबवले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती प्रभा श्रीदेवन यांनी ती बंदी उठवली. चित्रपट आला, गेला. चर्च जेथे होते तेथेच आहे. डेन्मार्कच्या वृत्तपत्रातील २००५ च्या व्यंगचित्रांनी अनेक देशांत रक्त सांडले आणि जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या 'शार्ली एब्दो'वरील हल्ल्यात बाराजण ठार झाले. ख्रिस्ताचे ज्ञात असलेले एक सर्वांत जुने चित्रही थट्टेचेच आहे, हे आपल्याला ठाऊक आहे काय? रोमच्या पॅलेटाइन टेकडीवरील भिंतीवर गाढवाच्या मुखाचा क्रुसावरील मनुष्य आणि त्याला वंदन करणारा अलेक्सामेनोस कोणीतरी खरवडून ठेवला आहे. अलेक्सामेनोसने पुढे काय केले, याची नोंद नाही.

पेरियार स्वभावाने मात्र उद्धट नव्हते. कुन्रकुडी मठाच्या अधिपतींनी प्रेमाने कपाळाला विभूती लावली तेव्हा त्यांनी ती लावून घेतली, अशी आठवण सांगितली जाते. २०१९ मध्ये त्यांच्या पुतळ्यांखालील नास्तिक मजकूर हटवावा अशी याचिका मद्रास उच्च न्यायालयाने फेटाळली. आस्तिकाला देव आहे म्हणण्याचा जो हक्क, तोच नास्तिकाला देव नाही म्हणण्याचा, असा त्याचा आशय.

१९ डिसेंबर १९७३ रोजी मद्रासच्या त्यागराय नगरात त्यांचे शेवटचे भाषण झाले. भाषण चालू असतानाच वेदना असह्य झाल्या. त्यांना आधी मद्रासच्या रुग्णालयात आणि तेथून वेल्लोरला, डॉ. आयडा स्कडर या मिशनरी बाईंनी उभारलेल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेण्यात आले. देव मानत नाही म्हणून त्या रुग्णालयात कोणाला खाट नाकारली जात नव्हती. २४ डिसेंबरच्या सकाळी, वयाच्या ९४ व्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. पार्थिव मद्रासला राजाजी हॉलमध्ये आणले गेले, आणि दुसऱ्या दिवशी, नाताळच्या दिवशी, वेपेरीतील पेरियार तिडलमध्ये कोणत्याही धर्मविधीविना त्यांचे दफन झाले.