गाण्याची फाइल लावणारा वकील

संगीताच्या परीक्षांचं पुस्तक ज्यांनी कधी चाळलंय त्यांना ‘नि’खालचं टिंब, ‘ग’खालची आडवी रेघ आणि ‘म’च्या डोक्यावरची उभी काडी ओळखीची असेल. टिंब म्हणजे मंद्र सप्तक, आडवी रेघ म्हणजे कोमल, उभी काडी म्हणजे तीव्र. झालं! निम्मी स्वरलिपी आली तुम्हाला. ही रीत घालून देणारा माणूस ना खानदानी गवई, ना दरबारी उस्ताद. मुंबईतला चक्क वकील होता! पंडित विष्णु नारायण भातखंडे.

जन्म १० ऑगस्ट १८६०, वाळकेश्वरचा. एल्फिन्स्टन कॉलेज, १८८५ ला बी.ए., १८८७ ला एल्‌एल.बी., काही काळ कराचीत वकिली. कॉलेजात असतानाच सतार, शिवाय पारशी मंडळींच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त जाऊन धृपदं आणि ख्याल शिकणं. (सबमिशन सांभाळून क्लब करणारे तेव्हाही होते तर!) पुढे १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगी. घरात कोणी उरलं नाही. वकिली सुटत गेली ती सुटलीच.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत हिंडले. तिथे त्यांना व्यंकटमखीची ७२ मेळांची पद्धत नीट पाहायला मिळाली. दोन मध्यम, पूर्वांगाचे सहा प्रकार, उत्तरांगाचे सहा : २×६×६. आपलं पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनच! उत्तरेकडच्या रागांसाठी भातखंड्यांनी एवढे खण केले नाहीत, दहाच केले. तेच दहा थाट. सगळे राग त्यांत नीट बसत नाहीत अशी तक्रार तेव्हापासून चालू आहे, आणि ती खोटीही नाही.

पण खरी अडचण वेगळीच होती. बंदिश राहायची उस्तादाच्या गळ्यात. ती मिळायची मुलाला, फार तर जावयाला. उस्ताद गेला की बॅकअप नाही! भातखंडे जयपूर, रामपूर असे दरबार आणि घराणी धुंडाळत फिरले, कुठे शागीर्द झाले, कुठे नुसत्या विनवण्या केल्या, आणि ऐकलेलं लिहून काढलं. त्यातून ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग झाले, सुमारे १८०० बंदिशींचे. बहुतेक ठिकाणी साचा एकच : रागाचा थाट, वादी-संवादी, आरोह-अवरोह, पकड, मग सरगम, लक्षणगीत, ख्याल, धृपद. तालाच्या खुणाही ठरलेल्या. समेला फुली, खालीला शून्य, पुढच्या टाळ्यांना आकडे. शब्द लांबवायचा तर अवग्रह, स्वर लांबवायचा तर आडवी रेघ. एका मात्रेत जास्त स्वर आले तर खाली कंस.

आमच्या म्युझिक क्लबच्या पीसीवर बंदिशी टाईप करून ठेवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून मला या साच्याची किंमत कळते. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाइलशीट असते ना, तशीच ही. कोमलची रेघ कुठे, कण-स्वर केवढा, हे एका फाइलीत एकदाच ठरवायचं आणि प्रत्येक गाण्याने तीच फाइल उचलायची. पाच जणांनी पाच स्टाइल केल्या की शेअर्ड फोल्डरचा पार उकिरडा होतो. गंमत म्हणजे कोमलची आडवी रेघ आणि तीव्रची उभी काडी अशा दिसणाऱ्या खुणा युनिकोडच्या देवनागरीत आहेत, पण त्या ठेवल्यात वेदपठणाच्या स्वरांसाठी. आम्ही त्याच वापरतो. कोणी बघत नाही.

त्या काळीही एकच स्टाइल नव्हती म्हणा. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांची स्वरलिपी वेगळी, खुणा वेगळ्या. दोन विष्णू, दोन फॉरमॅट! परीक्षेला बसणारी मुलं अजून दोन्ही पाठ करतात.

१९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागे भातखंडेच होते. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. घराण्याबाहेरच्या मुलाने फी भरून, वर्गात बसून गाणं शिकावं, ही कल्पना बऱ्याच जणांना आवडली नाही. एक गोष्ट मलाही खटकते. उस्तादांना गाता येतं पण शास्त्र कळत नाही, असा त्यांचा सूर असायचा, आणि पुस्तकं तर त्याच उस्तादांच्या गाण्यावर उभी. शिवाय मींड आणि गमक कागदावर पूर्ण उतरतच नाहीत. कमानीच्या खाली नेमकं काय होतं ते गुरूच दाखवणार. पण ज्या घराण्यात दाखवणाराच उरला नाही, तिथली बंदिश आज गाता येते ती या कागदामुळे.

‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले. गुरू-शिष्याची प्रश्नोत्तरं, व्हायव्हाच जणू! फक्त इथे परीक्षक रागावत नाही. १९३३ मध्ये पक्षाघाताने अंथरूण धरलं, १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी ते गेले. लखनौच्या कॉलेजला पुढे त्यांचं नाव मिळालं. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांवर मात्र ते नाव शोधत बसावं लागायचं : संस्कृत ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ चतुर पंडिताचं, आणि मराठी ‘पद्धती’ विष्णुशर्म्याची.